दिवसा सांगितलेली गोष्ट

रत्ना निरगुडसरची. उसाच्या आणि पाटाच्या पाण्याच्या गावात वाढलेली. आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, नव्या खरवलीच्या शाळेत तिची नेमणूक झाली, तेव्हा तिच्या भावानं नकाशा काढून गाव शोधलं. सापडलेलं गाव नदीकाठी होतं. प्रत्यक्षात तिथं पाणी होतं. जुनी खरवली धरणात गेली त्याला तेव्हा नऊ वर्षं होऊन गेली होती, आणि नवी खरवली नकाशात यायची होती. डोंगराच्या उतरणीवर पत्र्याची पन्नास घरं, एक हापसा, दोन खोल्यांची शाळा आणि शाळेपुढं लांब ओटा, एवढंच ते गाव. ओट्यावर बसलं की खाली सगळं पाणी दिसायचं.

ती घोडेगावात खोली घेऊन राहायची. सकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरायची आणि तिथून दोन मैल चालत शाळेत. शाळेत दुसरे शिक्षक सावळेराम गुरुजी. माणूस सज्जन, पण निवृत्तीला आलेला, आणि शनिवारी अकरा वाजता शाळा सुटली की फाट्यावरची एसटी गाठायची यापलीकडं त्यांना फारशी उमेद राहिली नव्हती.

पोरं हुशार होती. पाढे म्हणायची, धडे वाचायची. पण एके दिवशी रत्नानं विचारलं, "शाळेच्या पुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक कुणी वाचलंय?" तेव्हा एकतीस पोरांत एकानंही हात वर केला नाही. एकानं तर विचारलं, "बाई, दुसरं पण आसतं?"

ते तिच्या मनाला लागलं. त्या गणपतीत तिच्या भावाच्या मंडळानं निरगुडसर आणि पारगावात घरोघर फिरून मुलांची पुस्तकं गोळा केली. कव्हर फाटलेली, चित्रांत रंग भरलेली, आत कुणाकुणाची नावं लिहिलेली. दोन पोती भरली. ती एसटीच्या टपावरून फाट्यापर्यंत आली आणि तिथून पोरांच्या डोक्यावरून शाळेत. शाळेतल्या जुन्या पत्र्याच्या पेटीत ती मावली.

आता ती वाचायची कशी? रत्नाच्या डोक्यात पंगत आली. डोंगरातली पोरं पळसाच्या पानांच्या पत्रावळी झपाझप लावत. भाताची झोडणी संपून गाव मोकळं झालं तसं तिनं जाहीर केलं, की दर शनिवारी शाळा सुटल्यावर ओट्यावर गोष्टींची पंगत. पोरांनी ओळीनं मांडी घालून बसायचं, पुढं पत्रावळ ठेवायची, बाई हातात पुस्तकांचा ढीग घेऊन फिरणार आणि एकेकाला पुस्तक वाढणार. वाचून झालं की हात वर करून "वाढा" म्हणायचं. आणि शेवटी बाई एक गोष्ट मोठ्यानं सांगणार.

पंगत संध्याकाळी ठेवायची सोय नव्हती. त्या सालात बिबट्यानं सगळ्या भागाची झोप उडवली होती. दिवस कलला की दारं लागायची. त्यामुळं भर दुपारी, उन्हात, हे ठरलं.

पहिल्या शनिवारी आयाही पाहायला आल्या. पोरं जेवायला बसल्यासारखी गंभीर बसली होती. "आजून वाढा," "मला वाघाचं वाढा," असा गलका चालला होता. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. फक्त एक म्हातारी हसली नाही. ती ओट्याच्या पायरीशी उभी होती, काळीसावळी, ताठ, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. झुंबरबाई. तिसरीतल्या हर्षालीची आजी, हर्षालीच्या आईची, साळुबाईची, आई. गावात तिचा शब्द मोडत नसत.

पंगत उठल्यावर ती रत्नाजवळ आली.

"बाई, पुस्तकं द्या पोरांना. लई चांगलं केलं. पण दिवसा गोष्ट सांगू नगा."

"का हो आजी?"

"दिवसा गोष्ट सांगितली की पोरांचा मामा वाट चुकतो."

रत्नाला हसू आलं. तिची आईही तेच म्हणायची. कामाच्या वेळी पोरांनी गोष्टीचा हट्ट धरला की घरोघरच्या बाया हेच सांगून सुटका करून घेत. "अहो आजी," ती म्हणाली, "सगळ्यांच्या मामांना सांगून ठेवू. शनिवारी घरातच बसा म्हणावं."

म्हातारी पाठ फिरवून निघून गेली.

त्या भागात गोष्ट ऐकायची एक रीत होती. ऐकणाऱ्यांपैकी एकानं हुंकार द्यायचा. सांगणारा वाक्य संपवून थांबला की त्यानं "हं" म्हणायचं, मग पुढचं वाक्य. हुंकार नाही आला तर सांगणारा थांबतो, त्याला वाटतं कुणी ऐकत नाही. रत्नानं हे काम हर्षालीला दिलं. आठ वर्षांची पोर, दोन वेण्या, आवाज बारीक आणि खणखणीत. तिचा "हं" ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा.

तिसऱ्या शनिवारी रत्ना एका घुबडाची गोष्ट सांगत होती. "घुबडानं डोळे उघडले," ती म्हणाली.

"हं," हर्षाली म्हणाली.

"त्याला कुणीच दिसलं नाही."

"हं."

हा हुंकार हर्षालीचा नव्हता. तो खालच्या पट्टीतला होता, पुरुषाचा, ओट्याच्या टोकाच्या खांबाकडून आलेला. कुणी बाप्या ऐकत उभा असेल म्हणून रत्नानं मान वळवली. खांबापाशी कुणी नव्हतं. पलीकडं मोकळं मैदान, झेंड्याचा खांब आणि त्याची पायाशी गोळा झालेली दुपारची सावली. पोरांपैकी एकानंही मागं वळून पाहिलं नव्हतं.

तिला वाटलं, भास झाला. गोष्ट पुढं नेली. तर पुन्हा, अगदी जागच्या जागी, "हं."

पंगत उठली. पोरं पत्रावळी गोळा करू लागली. ओळीच्या टोकाला, खांबाजवळ, एक पत्रावळ तशीच राहिली. तिच्यावर एक पुस्तक होतं, उघडं, पालथं न घातलेलं. रत्नानं एकतीस पत्रावळी मोजून मांडल्या होत्या. ही बत्तिसावी.

"ही कुणाची रे?"

"मामाची," दोघं-तिघं एकदमच म्हणाले.

"कुणाचा मामा?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. बाईंना एवढं कसं कळत नाही, असं त्यांच्या तोंडावर होतं. "हर्षालीचा म्हंत्यात," एक पोरगी म्हणाली. "पण आमी समदीच मामा म्हणतो."

"कसा दिसतो तो?"

यावर पोरं विचारात पडली. "पाठच दिसती त्याची," हर्षाली म्हणाली. "पाण्याकडं त्वांड करून बसतो."

"बोलतो का काही?"

"इचारतो."

"काय विचारतो?"

"गावात जायाची वाट कंची, आसं इचारतो. आमाला कुठं म्हाईत हाय? आमी तर हितंच जन्मलो."

रत्नानं सोमवारी सावळेराम गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पोरांचा खेळ. तुम्ही गोष्टी सांगता, ती पण सांगतात. शिकली म्हणायची." तिलाही तेच पटवून घ्यायचं होतं. पण पोरं खेळत होती म्हणावं, तर तो हुंकार तिनं स्वतःच्या कानानं ऐकला होता.

पुढच्या शनिवारी तिनं मुद्दाम करून पाहिलं. गोष्ट रंगात आली असताना ती मध्येच थांबली आणि पुस्तक मिटलं. पोरं तोंडाकडं बघत राहिली. वारा पडला होता. खाली पाणी चकाकत होतं, त्यावर एक पाखरूसुद्धा नव्हतं. रत्नानं मनात वीसपर्यंत आकडे मोजले.

"मग?"

खांबापासून आला तो शब्द. आवाज मोठ्या माणसाचा, पण त्यातली घाई लहान पोराची. रत्नानं पुस्तक उघडलं. न उघडण्याची तिची छाती झाली नाही. उरलेली गोष्ट तिनं धावत सुटल्यासारखी वाचून संपवली, आणि प्रत्येक वाक्याला तो "हं" येत राहिला, शांत, समाधानी.

त्याच दुपारी ती झुंबरबाईकडं गेली. म्हातारी पडवीत सुपात नाचणी पाखडत होती. रत्नानं काही न लपवता सगळं सांगितलं. हुंकार, पत्रावळ, पोरांनी सांगितलेलं. म्हातारीचे हात सुपावर थांबले.

"आवाज कसा व्हता?"

"तरुण माणसाचा. जरा घोगरा."

"घोगराच व्हता त्याचा," झुंबरबाई म्हणाली. सूप खाली ठेवलं. मग बोलली ती खाली बघूनच.

"माझा बहिरू. साळूचा धाकटा भाऊ. बावीस वर्साचा व्हता, लगीन व्हायचं व्हतं. धरणाचं पाणी चढत व्हतं तवाची गोष्ट. निम्मं गाव वर आलं व्हतं, निम्मं खाली. आमचं सामान आलं, पण घराची चौकट ऱ्हायली. सागाची व्हती, त्याच्या आज्यानं बसवलेली. बहिरू म्हणला, मी काढून आणतो."

"हं," रत्नाच्या तोंडून गेलं, आणि ती एकदम गप्प झाली.

"त्या दिवशी साळूचा थोरला, अमृत, तापानं फणफणला व्हता. पाच वर्साचा. गोष्ट सांग म्हणून रडायचा. तवा समद्या गावात गोष्टी मीच सांगायची, बाई. झोडणी झाली की खळ्यावर सारं गाव बसायचं आन मी सांगायची. पण दिवसा कंदी न्हाई. त्या दिवशी पोराचं रडणं बघवंना. सांगाया लागले. मिठाला गेलेल्या पोराची गोष्ट. निम्म्यात आली आन अमृतला झोप लागली. मी थांबले."

"आणि बहिरू?"

"त्याच वक्ताला खाली गेला. त्या वाटंवर जन्म काढलेला पोरगा. डोळं बांधलं तरी गेला आसता. आमच्याच गावचा भिका वर येत व्हता, त्यानं बगितला. वाटंला फाटा फुटतो तितं उभा. हिकडं बगायचा, तिकडं बगायचा, नव्या पावण्यावानी. भिकानं हाक दिली तर त्यालाच इचारलं, 'भाऊ, गावात जायाची वाट कंची?' भिकाला वाटलं, चेष्टा करतोय. हसला आन वर आला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्याच्यामागं त्याला कुणी बगितला न्हाई. अंगावरचं फडकं गावलं न्हाई. माझी आय म्हणायची, अर्धी ऱ्हायलेली गोष्ट ऐकणाराला सोडत न्हाई. मी त्याचा दिवस घालू दिला न्हाई, बाई. यील म्हणलं."

नऊ वर्षांत तिनं एकही गोष्ट सांगितली नव्हती.

रत्नानं पंगत बंद केली. पोरांना सांगितलं, परीक्षा आहे. पेटीला कुलूप लावलं. पण काही पुस्तकं पोरांच्या घरी गेलेली होतीच, आणि वाचायची गोडी लागलेली पोरं ऐकतात थोडीच? पुढच्या शनिवारी ती वर्गात वह्या तपासत बसली असताना शाळेमागच्या आंब्याखालून तिला हर्षालीचा आवाज आला. हर्षाली पुस्तक उघडून मोठ्यानं वाचत होती. सहा-सात पोरं भोवती बसलेली. ती एक वाक्य वाचायची आणि थांबायची. पोरांपैकी कुणाचे ओठ हलत नव्हते. तरी ती पुढचं वाक्य वाचायची, हुंकार मिळाल्यासारखी.

रत्नानं जाऊन पुस्तक काढून घेतलं. "मी सांगितलं होतं ना, पंगत बंद आहे म्हणून?"

"पण त्यो बसतो ना, बाई," हर्षाली म्हणाली. "न्हाई सांगितलं तर नुसताच बसून ऱ्हातो. वाईट वाटतं."

चैत्र संपत आला तसं धरणाचं पाणी उतरलं. दरवर्षी उतरायचं, पण त्या वर्षी फारच उतरलं. आधी देवळाचा चौथरा वर आला, मग घरांची जोती, मग एक जुनी वाट. डोंगरावरून निघून ती वाट, भिकानं बहिरूला पाहिलं होतं त्या फाट्यापर्यंत यायची आणि तिथून सरळ जोत्यांमध्ये शिरायची. पांढऱ्या सुकल्या गाळात दोन्ही बाजूंचे धोंडे उघडे पडले होते. शाळेच्या ओट्यावरून ती वाट स्वच्छ दिसायची. रत्नाला ती दिसली, पण त्यातून पुढं काय होणार हे तिच्या ध्यानात आलं नाही.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ती निकालपत्रकं लिहीत होती. मधल्या सुट्टीनंतर पोरं आत आली. तिनं हजेरी घेतली. हर्षाली नव्हती.

"कुठं गेली रे?"

"मामाला वाट दावाया," पुढच्या रांगेतली पोरगी म्हणाली. "आता दिसती ना."

रत्ना धावत ओट्यावर आली. खाली, पार खाली, वाटेवर दोन वेण्यांची पोर चालली होती. डाव्या काखेत पुस्तक. उजवा हात वर उचललेला, मूठ अर्धी मिटलेली, मोठ्या माणसाचं बोट धरून चालावं तशी. बाजूला कुणीच नव्हतं. उन्हात एकच सावली पडली होती, आणि ती पोरीची होती.

रत्ना उतरणीवरून धावत सुटली. पायातली चप्पल कुठं गेली तिला कळलं नाही. तिला माहीत होतं, जोत्यांपर्यंत वाट टणक आहे, पण त्यापुढं गाळ. वरून वाळलेला, भेगाळलेला, आतून लोण्यासारखा. मागल्या उन्हाळ्यात एक म्हैस त्यात शिंगांपर्यंत गेली होती आणि दहा जणांना ती काढता आली नव्हती.

झुंबरबाईनं आपल्या अंगणातून तिला धावताना पाहिलं आणि काही न विचारता ती मागून उतरली. फाट्यावर रत्ना धाप लागून थांबली, तेव्हा म्हातारी तिच्या पाठोपाठ पोचली होती. हर्षाली जोती ओलांडत होती. रत्नानं ओरडायला तोंड उघडलं, तोच म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"नाव घिऊन हाक मारू नगा. पाय उचलून पळाली तर मधीच रुतंल. आन तिच्यामागं त्याचंबी नाव माझ्या तोंडून यील."

"मग काय करायचं आजी? काय करायचं?"

झुंबरबाई फाट्यावरच्या धोंड्यावर बसली. गुडघ्यावर हात ठेवले. आणि खळ्यावर सारं गाव बसलंय असा मोठा, मोकळा आवाज लावला.

"तर मिठाला गेलेला पोरगा मीठ घिऊन घरला चालला व्हता."

हर्षाली थांबली.

"धुकं दाटलं, त्याला वाट गावंना. करवंदीच्या जाळीनं वाट सांगितली, पर घोंगडी ठिऊन घेतली."

"हं," आला आवाज. जोत्यांच्या मधून. रत्नानं तो ऐकला आणि म्हातारीनंही ऐकला. पण गोष्ट थांबली नाही.

"दरडीनं वाट सांगितली, पर काठी ठिऊन घेतली."

"हं."

"मग पोरगा नदीवर आला. नदी म्हणली, वाट सांगते, पर तुझं नाव मला दे. पोरानं नाव दिलं. आन आपण कोण, कुठलं, समदं इसरला."

इथंच ती नऊ वर्षांपूर्वी थांबली असणार, हे रत्नाला आपोआप कळलं. ती पुढं निघाली. प्रत्येक वाक्याला एक पाऊल. धोंड्यावरून धोंड्यावर. घाई केली तर पोरगी पुढं जाईल, थांबली तर गोष्ट संपेल, अशी तिची दोन्हीकडून कोंडी झाली होती. पायाखालचा धोंडा तापून पोळत होता.

"नदीकाठी त्यो उभा ऱ्हायला," म्हातारी सांगत होती. "मिठाचं गाठुडं पाठीला."

"हं."

"वरच्या आंगाला त्याची आय अंगणात उभी व्हती. भात शिजला व्हता, आळणी. ती वाट बगत व्हती."

"हं." हा हुंकार आतुर होता. रत्ना पोरीपासून दहा पावलांवर आली होती. हर्षालीची उजवी मूठ आवळलेली दिसली. मान गोष्टीकडं वळवलेली, डोळे मिटलेले.

झुंबरबाई थांबली. एवढा वेळ थांबली, की रत्नाला वाटलं, तिला पुढचं आठवत नाही. पाणी, गाळ, डोंगर, सगळं दबा धरून बसल्यासारखं झालं.

"मग?" आवाज आला.

"मग," म्हातारी म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा कापला, "आयनं वर बगितलं, खाली बगितलं. आन हाक न मारता ती घरात गेली. दार वढून घेतलं."

हुंकार आला नाही.

"नदीला दया आली. नदी म्हणली, पोरा, खाली बग. पोरानं खाली बगितलं, तर पाण्यात गाव. घरं तशीच, देऊळ तसंच, आज्यानं बसवलेली चौकट तशीच. आत पंगत बसलेली. म्हणली, तुझंच पान ऱ्हायलंय, समदी खोळंबलीत, त्यांच्याकडं मीठ न्हाई."

रत्ना पोचली. तिनं पोरीला कमरेत धरून उचललं. हर्षालीची मूठ अजून हवेत आवळलेली होती, आणि रत्नाला ओढ जाणवली. जोराची नव्हती. कुणी निरोप घेताना हात सोडायला उशीर करावा, तेवढीच.

"पोरगा पायऱ्या उतरून खाली गेला. मीठ साऱ्या गावाला पुरलं. जेवला. झोपला." म्हातारी उभी राहिली होती. "पुन्यांदा त्याला वाट इचारावी लागली न्हाई. गोष्ट संपली, बाळा. माझी सांगून झाली, तुझी ऐकून झाली."

बराच वेळ काही नाही. मग लांबून, जिथं गाळ संपून पाणी सुरू होत होतं तिथून, एकदाच, झोपेतल्यासारखा:

"हं."

हर्षालीची मूठ सैल झाली. तिनं डोळे उघडले आणि इकडंतिकडं पाहून ती रडायला लागली. रत्ना तिला घेऊन धोंड्या-धोंड्यांवरून परत आली. काखेतलं पुस्तक गाळात पडलं होतं, ते आणायला कुणी गेलं नाही.

झुंबरबाईनं नातीला पोटाशी धरलं नाही. आधी तिचे दोन्ही पाय हातानं पुसले, बोट अन् बोट, आणि मग तिला खांद्यावर घेतलं. वाटेत रत्ना म्हणाली, "आजी, तुम्ही सांगितलीत म्हणून वाचली. गोष्ट पुरी झाली, सुटला तो."

म्हातारी चालत राहिली. घर आलं तेव्हा बोलली.

"गोष्ट तशी न्हाई, बाई. माझ्या आयनं सांगितली ती न्हाई. आय अंगणातून नाव घिऊन हाक मारती. हाकंसरशी पोराला नाव आठवतं आन त्यो घरी येतो. मीठ घिऊन. आसा शेवट हाय तिचा."

रत्ना दारातच थांबली.

"तसं सांगितलं आसतं तर त्यो आला आसता," झुंबरबाई म्हणाली. "पोरीचं बोट धरून आला आसता का कसा, द्येवाला ठावं. नऊ वर्सं मी तीच हाक मारायला बसले व्हते. आन वेळ आली तवा दार वढून घेतलं."

मेच्या पहिल्या आठवड्यात तिनं बहिरूचा दिवस घातला. सगळं गाव जेवलं. भिका पंगतीत वाढायला होता, आणि वाढताना रडत होता. रत्ना घोडेगावाहून मुद्दाम आली होती. मग पाऊस आला, पाणी चढलं, देवळाचा चौथरा गेला, वाट गेली.

शाळा उघडल्यावर पोरांनी पेटी उघडायला लावली. रत्नाला धीर नव्हता. झुंबरबाईच म्हणाली, उघडा. शनिवारची पंगत पुन्हा बसली. म्हातारीजवळ कोल्ह्याच्या, पिठाच्या गिरणीच्या, सात जावांच्या गोष्टी होत्या, नऊ वर्षं साठून राहिलेल्या. त्या ती सांगू लागली, भर दुपारी. रत्ना कान देऊन बसायची. हुंकार पोरांचेच यायचे. पोरं मामाबद्दल कधी बोलली नाहीत. तिनं एकदा हर्षालीला आडून विचारलं, तर पोर म्हणाली, "कोण मामा?"

दिवाळीच्या सुट्टीआधी झुंबरबाई शाळेत आली आणि म्हणाली, "ती मिठाची गोष्ट लिवून घ्या."

रत्नानं शंभर पानी वही काढली. म्हातारी सांगत गेली, ती उतरवत गेली. नदीपर्यंत आल्यावर रत्नाचा पेन थांबला. "शेवट कोणता लिहू आजी?"

"मी सांगितला त्यो. पोरांनी आता आशीच सांगायची."

लिहून झालं. झुंबरबाईला वाचता येत नव्हतं. तिनं वही मांडीवर घेतली आणि शेवटच्या पानावर बोट फिरवलं, एकेका ओळीवरून, सावकाश.

"ह्यात त्याचं नाव कुठं हाय?"

"नाव नाही लिहिलं आजी. तुम्ही घेतलं नाही."

"बरं केलं," झुंबरबाई म्हणाली, आणि वही मिटून तिनं ती स्वतःच्या हातानं पेटीत, सगळ्यात खाली ठेवली.